रोमहून आलेले हेडमास्तर

आमच्या हेडमास्तरांनी रोम पाहिलं होतं. देवासात ही गोष्ट ज्याला ठाऊक नव्हती तो माणूस एकतर ठार बहिरा असायचा, नाहीतर त्याच दिवशी इंदुराहून टांग्याने आलेला. आणि टांग्यातून उतरल्यावर तासाभरात त्यालाही ती कळायची, कारण हेडमास्तर स्वतः रस्त्याच्या कडेला उभे असायचे.

रस्त्याच्या कडेला, हे मुद्दाम लिहितो. ते रस्ता ओलांडत नसत. का ओलांडत नसत, हेच सांगायला बसलो आहे.

ज्यांनी त्या वेळचं देवास पाहिलं नाही त्यांना आधी गाव समजावून द्यायला हवं. गाव एक, राजे दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. दोन वाडे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, शिपायांच्या पगड्या दोन तऱ्हेच्या. बाजाराच्या रस्त्याच्या मधोमध हद्द. अलीकडच्या बाजूचा कंदील आमच्या धाकट्या पातीचा माणूस लावी, पलीकडचा थोरल्या पातीचा. बाहेरच्यांना याचं फार नवल वाटे. आम्हाला काही वाटत नसे. दळण अलीकडे, भाजी पलीकडे. दिवसातून दहा वेळा आम्ही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असू आणि पायातली वहाण तीच असे.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. 'घराणं' हा शब्द उगीच वापरला. वडील धाकट्या पातीच्या पागेत मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांना खरारा करीत, लीद काढीत. आजोबाही तेच करीत. इंदुराच्या कॉलेजात शिकून, अलाहाबादची परीक्षा पास होऊन मी परत आलो, त्या दिवशी वडिलांनी पागेतल्या झाडून सगळ्या घोड्यांना गूळ चारला. माणसांना चारायला पुरला नाही. मग मला शाळेत असिस्टंट मास्तर म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी मला पगडीपासून वहाणेपर्यंत पाहिलं.

"बी.ए. का?"

"होय."

"रोम पाहिलंय?"

"नाही."

"मग बसा."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. 'बी.ए.' हेच माझं नाव. मी चिडावं म्हणून ते तसं म्हणत आणि मी चिडत नसे, कारण ती पदवी माझी होती आणि त्यांची नव्हती. ते स्वतः मॅट्रिकपर्यंत पोचले होते. आत गेले होते की उंबऱ्यावरून परतले होते, याबद्दल गावात दोन मतं होती.

त्यांचं रोमला जाणं असं घडलं. जर्मनीच्या पहिल्या लढाईच्या बऱ्याच आधीची गोष्ट. धाकट्या पातीतले एक सरदार प्रकृतीसाठी विलायतेस निघाले. प्रवासाची रोजनिशी मराठीत लिहायला एक माणूस हवा होता. हेडमास्तरांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून यांची वर्णी लागली. परतीच्या वाटेवर सरदारांना रोममध्ये ताप भरला आणि सगळा लवाजमा अकरा दिवस तिथे अडकून पडला. त्याआधी ते महिनाभर लंडनातही होते. पण लंडन कसं होतं विचारलं की ते "धूर" एवढंच म्हणत. पॅरिस कसं होतं विचारलं की "बायका" म्हणत आणि इकडेतिकडे पाहत. रोमचं नाव काढलं की मात्र ते अंगरख्याची बटणं लावून बसत.

आता कोणाला वाटेल, त्या शहरातले पुतळे, देवळं, दोन हजार वर्षांची पडकी बांधकामं पाहून हा माणूस भारावला असेल. छे! ती त्यांनी पाहिली, नाही असं नाही. कोलोझियम म्हणून जे प्रचंड गोल नाटकघर आहे, ज्याच्यासाठी अर्धं युरोप तिकीट काढून येतं, त्याबद्दल त्यांचा अभिप्राय: "पडकं आहे. मांडूला असलं कोस-दोन कोस पसरलंय आणि तिथे कोणी तिकीट मागत नाही." पोपच्या देवळातल्या छतावरची जगप्रसिद्ध चित्रं: "ज्या चित्राने मान अवघडते ते चुकीच्या जागी काढलेलं असतं." एक जुनं देऊळ आहे, त्याच्या घुमटाला मधोमध मोठं भोक. यांनी वाटाड्याला विचारलं, पावसाळ्यात काय करता? तो म्हणाला, पाणी आत पडतं, खाली फरशीला निचऱ्याची भोकं ठेवली आहेत. "गळतं हे कबूल करून बांधलंय," हेडमास्तर आम्हाला सांगत, "तेवढं मला आवडलं." आमच्या शाळेचं छप्पर त्या वेळी तीन ठिकाणी गळत होतं. ते यानंतर कधीच दुरुस्त झालं नाही.

तिथे एक कारंजं आहे म्हणे, त्यात पाठमोरं उभं राहून नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो. हेडमास्तर नाणं काढून पाठमोरे उभे राहिले आणि तसंच वळून त्यांनी वाटाड्याला विचारलं, "हे पैसे वेचतो कोण? राजाचा माणूस की पोपचा?" वाटाड्याला सांगता येईना. यांनी नाणं परत खिशात टाकलं.

कारण त्यांना रोममध्ये एकच गोष्ट दिसली होती. पहिल्याच दिवशी वाटाडा सांगत होता की या शहरात दोन धनी आहेत. एक इटलीचा राजा, तो त्या टेकडीवरच्या वाड्यात. दुसरा पोप, किरिस्तावांचा धर्मगुरू, तो नदीपलीकडच्या वाड्यात. पूर्वी सगळं शहर पोपचं होतं, राजाने ते घेतलं. तेव्हापासून पोपने हट्ट धरला की राजाच्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही. पोप मेले, नवे आले, पण वाड्याबाहेर कोणी पडलेला नाही. गाडीतले इंग्रज प्रवासी हे ऐकून चकित झाले. आमचे हेडमास्तर मात्र सैलावून बसले. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं," असं ते सांगत. त्यांनी वाटाड्याला विचारलं, "थोरली पाती कुठली नि धाकटी कुठली?"

वाटाड्याला अर्थातच कळलं नाही. मग त्यांनी आपलं आपणच ठरवलं. जमीन थोडी आणि मान मोठा, तेव्हा पोप म्हणजे आपली धाकटी पाती.

अकरा दिवसांतले चार दिवस या गृहस्थाने रोमची हद्द शोधण्यात घालवले. सरदार तापाने कण्हत पडलेले आणि त्यांचा रोजनिशीकार पोपच्या देवळापुढच्या मोठ्या चौकात पावलं मोजतोय! पट्ट्यापट्ट्यांच्या रंगीत कपड्यांचे पोपचे शिपाई कुठवर उभे राहतात, आडव्या टोपीचे राजाचे शिपाई कुठून सुरू होतात, कोणता दिवा कोणाचा माणूस लावतो, झाडूवाल्याचा झाडू कुठे थांबतो. हे सगळं त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सरदारांच्या तब्येतीबद्दल त्या अकरा दिवसांत एकच ओळ आहे: 'ताप तसाच.'

आणि हे सगळं आमच्या पोरांच्या बोकांडी बसलं. भूगोलाच्या परीक्षेत प्रश्न यायचा: 'रोम शहरातील दिवाबत्तीची व्यवस्था सांगा.' क्षिप्रा कुठे उगम पावते हे ज्यांना सांगता येत नव्हतं ती पोरं टायबर नदीवरच्या पुलांची नावं घडाघडा म्हणत. मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, पोरांना माळवा तरी आधी शिकवू या." ते म्हणाले, "माळवा ती रोज बघतातच. बघितलेलं शिकवायला मास्तर कशाला?"

आता प्रतिज्ञेकडे येतो.

समुद्र ओलांडून आलं की प्रायश्चित्त घ्यावं लागे. हेडमास्तरांनी ते आल्याबरोबर घेतलं, आमच्या पातीच्या शास्त्र्यांकडून, पंचगव्य पिऊन, यथासांग. त्यांची एकुलती एक मुलगी गोदू. ती प्रवासाच्या आधीच दिलेली होती, आणि दिलेली कुठे, तर शाळेच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, थोरल्या पातीत. जावई तिकडच्या कचेरीत कारकून. गोदूच्या ओट्यावर उभं राहिलं तर शाळेचा फळा दिसे. चाळीस पावलं, मी मोजलेली आहेत.

तर गोदूच्या घरी सत्यनारायण होता. हेडमास्तर गेले. प्रसादाला हात पुढे केला. तिकडच्या गुरुजींनी त्यांचा हात सोडून पुढच्या माणसाच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाले, "तुमचं प्रायश्चित्त तिकडचं. इकडे निराळं घ्यावं लागेल."

चाळीस माणसांदेखत तो हात तसाच पुढे राहिला. हे मी पाहिलं नाही, मी तेव्हा कॉलेजात होतो. पण पाहणाऱ्यांनी सांगितलं की त्यांनी हात मागे घेतला तो अगदी सावकाश, जणू काही ओलं आहे ते सांडू नये म्हणून. ते घरी आले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी जाहीर केलं: आजपासून मी थोरल्या पातीच्या जमिनीवर पाऊल टाकणार नाही. रोममध्ये पोप टाकत नाही, इथे मी टाकणार नाही.

अपमान झाला म्हणून जात नाही, असं साध्या भाषेत सांगितलं असतं तर सगळं गाव त्यांच्या बाजूचं झालं असतं. पण त्यात रोम आलं नसतं.

मग सुरू झाला तो तमाशा पाच वर्षं चालला. टेकडीवरच्या देवीच्या वाटेतली कोणती पायरी कोणत्या पातीची, याचा नकाशा त्यांनी मागवला. तो आला नाही, म्हणून दर्शन बंद, खालूनच नमस्कार. भाजीबाजार पलीकडे, म्हणून हे रोज सकाळी रस्त्याच्या मध्यावर, आपल्या हद्दीच्या आत पायाचे अंगठे ठेवून उभे राहत आणि तिथून घासाघीस करीत. पलीकडे एक म्हातारी काछीण भाजी घेऊन बसायची. ती वांगं उंच धरून बोलवायची, "माट साब, तम अईं आव नी! भटा हाथ में लई ने देखो!"

हे ओरडून सांगत, "पोप बाजारात जात नाही!"

पोप म्हणजे यांच्या घरातलं कोणी दुखणाईत माणूस असावं अशी तिची समजूत. ती कळवळून विचारायची, "तो तमारो पोप भूखो मरे कंईं?"

सगळा रस्ता हसायचा. हेडमास्तर हसत नसत. ते अशा वेळी माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणत, "इग्नरन्स, बी.ए.!" आणि वांगी किडकी निघत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कधी ध्यानात आली नाही. ही प्रतिज्ञा त्यांना फारशी महाग पडत नव्हती, कारण तिची किंमत गोदू देत होती. हेडमास्तरांची बायको त्यापूर्वीच वारलेली. सणावाराला गोदूच पदर खोचून रस्ता ओलांडून यायची, बापाचा स्वयंपाक करायची, पापड लाटून ठेवायची, परत जायची. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी प्रसादापलीकडे काही खायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज; त्यामुळे बाप येत नाही याचं सासरी उघड नवलही नव्हतं. रोमचा पोप वाड्यात बसून होता तेव्हा त्याच्याही घरी कोणीतरी पाणी भरत असेलच. त्याचं नाव काही वाटाडा सांगत नाही.

मग गोदूला मुलगा झाला.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण माहेरी करायला बाईमाणूस नाही म्हणून सासूने ते आपल्याकडे केलं आणि चांगलं केलं. आता रिवाजाचा आडोसा संपला. नातू झाला, आजोबांनी जायचं, जेवायचं, बाळाला मांडीवर घ्यायचं. व्याही स्वतः रस्ता ओलांडून बोलवायला आले. बिचारे म्हणाले, "त्या गुरुजींना आम्ही बोलावणारच नाही बारशाला. झालं गेलं सोडा." हेडमास्तरांनी त्यांना चहा दिला आणि पोपची हकीकत सांगितली.

बारशाच्या चार दिवस आधी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर बाळंतविडा मांडलेला होता: डिंकाचे लाडू, कुंची, झबलं, चांदीचे वाळे. "बी.ए., एवढं समोर पोचवा."

मी घेऊन गेलो. गोदू बाजेवर बसली होती, डोक्याला रुमाल, कुशीत ते लालबुंद गाठोडं. तिने ताटाकडे पाहिलंही नाही.

"मास्तर, परत न्या."

"अहो, पण..."

"आणायचं त्याने आणावं. सासूबाई काल काय म्हणाल्या ठाऊक आहे? 'गोदू, तुझ्या वडलांना नातू इथे झालाय की रोमला?' मी काय उत्तर देऊ?"

सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "मी आपलं विचारलं हो. सात समुद्र ओलांडलेला माणूस, म्हटलं गटार ओलांडवत नसेल तर तसं सांगा, फळी टाकू."

गोदू म्हणाली, "नानांना सांगा, बारशाला आले नाहीत तर यापुढे मीसुद्धा रस्ता ओलांडणार नाही. दिवाळीला नाही, पाडव्याला नाही. त्यांना ताप आला तरी नाही. प्रतिज्ञा काय त्यांनाच येते? मी त्यांचीच मुलगी आहे."

मी ताट घेऊन परत आलो आणि शब्द न शब्द सांगितला. खोटं कशाला बोलू, सांगताना मला बरं वाटत होतं. हेडमास्तर ऐकत होते. त्यांनी लाडवांवरचं फडकं नीट केलं. पुन्हा नीट केलं.

"ती करील," ते म्हणाले. "आईसारखी आहे."

पुढचे दोन दिवस त्यांनी रोमचं नाव काढलं नाही. पोरं घाबरली, त्यांना वाटलं साहेबांना बरं नाही. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बी.ए., तुमचे वडील पागेत आहेत ना?"

चार वर्षं मी त्या शाळेत होतो. चार वर्षं माझ्या वडिलांचं असणं त्यांच्या नजरेला आलं नव्हतं. घोडा लागला तेव्हा मला बाप निघाला.

त्यांची युक्ती अशी: रोममध्ये वाटाड्याने सांगितलं होतं की परक्या राजाच्या वकिलाची गाडी ही त्या राजाचीच जमीन धरतात. तेव्हा धाकट्या पातीच्या पागेतला घोडा, त्यावर धाकट्या पातीचं खोगीर, ही धाकट्या पातीची जमीन. तिच्यावर बसून गोदूच्या दारापर्यंत जायचं, नातू पाहायचा, परत यायचं. पाऊल कुठेच पडत नाही.

मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते विडी ओढत होते. म्हणाले, "चाळीस पावलांना घोडा?"

"हो."

"मास्तरसाहेबांना बसता येतं का?"

"रोममध्ये गाडीत बसले होते."

वडिलांनी विडी विझवली. मग म्हणाले, "म्हातारी घोडी देतो. ती समजूतदार आहे."

बारशाच्या दिवशी सकाळी दहाला, चैत्राच्या उन्हात, हेडमास्तर शाळेतून निघाले. अंगात रोमला घेतलेला काळा लोकरी ओव्हरकोट. डोक्याला लाल पगडी. मांडीवर बाळंतविड्याचं ताट. दोन पोरांनी खालून ढकलून त्यांना वर चढवलं होतं. पुढे लगाम धरून माझे वडील, मागे मी. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खं देवास, दोन्ही पात्यांचं. हलवायाने कढईखालची आच काढली आणि तोही बाहेर आला. कोणीतरी ओरडलं, "भिया, वरात कणी की?" दुसरा म्हणाला, "पोप की!" त्या म्हातारीने वांग्यांच्या टोपलीतून हात जोडले. तिला वाटलं असेल, तो दुखणाईत माणूस अखेर बरा झाला.

मी हसलो का? हसलो. मला त्या दिवसाची चार वर्षं वाट पाहायला लागली होती.

घोडी गोदूच्या ओट्याशी उभी राहिली. गोदू आतल्या उंबऱ्यात आली, बाळ पदराखाली.

"गोदू, आण त्याला," हेडमास्तर वरून म्हणाले.

"उतरा, नाना."

"उतरता येत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग त्यालाही बाहेर येता येत नाही. बारा दिवसांचा आहे, ऊन लागेल."

"दुरून दाखव."

"नाना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, "नातू काय पडकी इमारत आहे का हो, गाडीतून बघून पुढे जायला?"

सासूबाई पुढे येऊन काही बोलणार होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. हेडमास्तरांच्या कानशिलावरून घाम ओव्हरकोटाच्या कॉलरीत जात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा ते मला काहीतरी विचारत होते, आणि मला बी.ए.पर्यंत शिकवलेल्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

गोदू वळली. आत जायला एक पाऊल तिने टाकलंही.

तेव्हा माझे वडील घोडीच्या पोटाशी वाकले, उठले आणि म्हणाले, "साहेब, तंग ढिला झालाय. उतरावं लागेल. नाहीतर खोगीर फिरेल नि पडाल."

हेडमास्तरांनी वाकून घोडीच्या पोटाखालच्या त्या पट्ट्याकडे पाहिलं. तंग चांगला आवळलेला होता. मला मागून दिसत होता; त्यांना वरून दिसला नसेल असं होणं नाही. ते वडिलांकडे पाहत राहिले. वडील घोडीकडे पाहत होते.

"ढिला आहे," हेडमास्तर म्हणाले.

आणि उतरले. उतरले म्हणजे घसरले. वडिलांनी कमरेला धरून त्यांना थोरल्या पातीच्या जमिनीवर उभं केलं. ताटातला एक लाडू घरंगळला, तो कोणी उचलला नाही. ते ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आत गेले.

आत काय झालं ते मला ठाऊक नाही. दार लोटलं होतं. दुपारी बायकांचं गाणं ऐकू आलं, पाळण्याचं. मग जेवणाची ताटं वाजली.

ते संध्याकाळी बाहेर आले, तेव्हा घोडी नव्हती. वडील तिला कधीच पागेत घेऊन गेले होते. म्हणाले, जनावर उन्हात किती उभं करू? हेडमास्तर ओव्हरकोट हातावर घेऊन चाळीस पावलं चालत आले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चांगल्या शब्दांत संपवली असती. पण हेडमास्तर ते हेडमास्तरच. त्यांना आता दरबाराची धास्ती पडली. पाच वर्षं धाकट्या पातीच्या मानासाठी पाळलेली प्रतिज्ञा मोडली. धनी काय म्हणतील? सहा पानांचा खुलासा लिहिला. तंग ढिला असण्याला त्यात दीड पान होतं. पोप, राजा, वकिलाच्या गाडीचा कायदा, सगळं. खाली लिहिलं, 'दरबार देईल ती शिक्षा मान्य.' मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "अहो बी.ए., नोकरी जाईल का?" अहो म्हणाले. मी म्हटलं, जाणार नाही. मला काय ठाऊक!

तीन आठवड्यांनी दरबाराच्या कचेरीतून उत्तर आलं. त्यांना पाकीट फोडवेना. माझ्या हातात दिलं. "वाचा. मोठ्याने."

दोनच ओळी होत्या. मी वाचल्या:

'आपल्या कथित प्रतिज्ञेबाबत या दप्तरी कोणताही कागद नाही. हेडमास्तर रस्त्याच्या कोणत्या बाजूस जातात येतात, याच्याशी दरबारास कर्तव्य नाही.'

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं.

"कागदच नाही म्हणतात?"

"नाही म्हणतात."

"कोणाला ठाऊकच नव्हतं?"

माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं, चार वर्षं साठवलेलं. पत्रासाठी पुढे केलेल्या त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि ते मनातच राहू दिलं.

त्यांनी पत्र घेतलं, चार घड्या घातल्या आणि रोजनिशीत नव्हे, केराच्या टोपलीत टाकलं. दुपारचे दोन वाजले होते. शिपायाला म्हणाले, "घंटा दे."

"साहेब, अजून दोन तास..."

"दे म्हटलं ना."

पोरं आरडत बाहेर पळाली. त्यांच्या घोळक्यातूनच हेडमास्तर निघाले, डोक्यावर पगडी नाही, पायात घरातल्या सपाता. रस्त्याच्या मध्यावर आले आणि तिथे नेहमीप्रमाणे पाय आपोआप थांबले. ज्वारीची एक बैलगाडी येत होती. अलीकडे व्हा की पलीकडे, म्हणून गाडीवान ओरडला, "ओ माट साब! अईं वो के वईं वो? बैल रुके नी!"

ते पलीकडे झाले. गाडी गेली. मी खिडकीतून पाहत होतो. गोदू ओट्याच्या दारात आली, बाप आला म्हणून तिने काही आश्चर्य दाखवलं नाही. बाळ त्यांच्या हातात दिलं आणि लगबगीने आत गेली. चुलीवर दूध होतं.